मुख्य चित्रपटापूर्वीची वीस मिनिटे

कासारसाईला आता रविवारी पुण्याकडच्या मोटारींची रांग लागते. धरणाचे पाणी पाहावे, भाजलेली कणसे खावीत, चार फोटो काढावेत आणि दिवेलागणीच्या आत परतावे, असा त्या मंडळींचा क्रम असतो. मी सांगणार आहे ती हकिकत या मोटारी येऊ लागण्यापूर्वीची, १९८७-८८ च्या सुमाराची आहे. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो आणि मुळशी-मावळातल्या जत्रांत तंबूतला सिनेमा येत असे.

तंबूच्या मधोमध पांढरा पडदा बांधलेला असे. एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका-मुले. पलीकडे बसणाऱ्यांना सारेच उलटे दिसे. नायक डाव्या हाताने तलवार चालवी आणि पाटीवरची अक्षरे आरशात पाहिल्यासारखी उमटत. मी आईबरोबर त्या उलट्या बाजूला बसे. पुढे शाळेत अक्षरे गिरवताना कुठल्या अक्षराची गाठ कोणत्या अंगाला यावी याचा माझा फार दिवस गोंधळ होई, त्याचे खापर मी आजही त्या तंबूवर फोडतो.

मुख्य चित्रपटाआधी ‘न्यूज’ लागे. वास्तविक ती नेहमी बातमीच असे असे नाही. कधी धरण, कधी पूर, कधी भाताची सुधारित लागवड, कधी कुठल्या मंत्र्याने कापलेली फीत. पण गावात त्या सगळ्याला नाव एकच, न्यूज. ती लागली की पुरुष मंडळी बिडी ओढायला बाहेर जात, बायका पोरांच्या हातावर शेव-चुरमुरे ठेवीत आणि आमच्यासारखी पोरे वाकळेवर आडवी होत. मारामारी सुरू झाली की उठवीन, असे आईने सांगून ठेवलेले असे.

त्या वीस मिनिटांत पडद्यावर काय चालले होते, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळले. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण झाले नाही. शाळेत पोरे शिकवावीत आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. सिनेमातला जाणकार मी नव्हे. तरीही गेल्या दोन-तीन वर्षांत जे पाहिले आणि वाचले, ते दिवाळीच्या निवांतपणी सांगावेसे वाटते. कारण ज्या प्रयोगांबद्दल जपानचे नाव जगभर घेतले जाते, त्याच जातीचे प्रयोग आपल्या मुंबईत, तेही एका सरकारी कचेरीत, झाले होते. आणि आपण ते पाहिले होते. निदान आपल्या डोळ्यांसमोरून ते गेले होते.

आधी ही ‘न्यूज’ आली कुठून ते सांगितले पाहिजे. सक्ती मुळात इंग्रजांची. दुसरे महायुद्ध पेटल्यावर १९४० साली सरकारने चित्रपटांसाठी एक सल्लागार मंडळ नेमले, १९४३ साली ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ नावाचे खाते उघडले आणि प्रत्येक चित्रपटगृहाने सरकारी फिल्म दाखवलीच पाहिजे असा युद्धकाळातला नियम केला. लोकांना तो युद्धाचा प्रचार वाटला, आणि तो होताही तसाच. १९४६ साली ते खाते बंद झाले. त्याचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. १९४७ च्या ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र होत असताना तो सोहळा टिपायला सरकारजवळ स्वतःचे छायाचित्रपथकच नव्हते. परदेशी आणि खासगी कंपन्यांनी जे टिपले त्यावरच भागवावे लागले. लग्न ठरले, मांडव पडला आणि फोटोवाल्याला सांगायचे राहून गेले, त्यातलीच गत.

१९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन निघाली. इंग्रजांचे खाते गेले होते, पण त्यांची सक्ती नव्या सरकारने जपून ठेवली. चित्रपटगृहाच्या परवान्यातच अट असे, की प्रत्येक खेळात २,००० फुटांपर्यंत मान्यताप्राप्त फिल्म दाखवावी लागेल. २,००० फूट म्हणजे वीस-बावीस मिनिटे. मालकाला त्याचे वर भाडेही द्यावे लागे. मराठीसकट अनेक भाषांत निवेदन भरून त्या फिल्मच्या प्रती पत्र्याच्या डब्यांतून देशभर जात, मुंबईच्या मोठ्या चित्रपटगृहात तशाच आमच्या जत्रेच्या तंबूत.

अनुबोधपट आपल्याला परका मुळीच नव्हता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती टिपली आणि पुढे १९०१ साली केंब्रिजहून रँग्लर होऊन आलेल्या परांजप्यांचे स्वागत टिपले. प्रयोगही परका नव्हता. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच्या आदल्या वर्षी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्याच्या वाढीची एकेक चौकट दिवसांमागून दिवस घेतली होती, हे फार थोड्यांना माहीत असते. ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वर आले. भांडवल देणाऱ्या माणसाची खात्री पटावी म्हणून ही खटपट होती. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यात काड्याच हालचाल करीत. म्हणजे कॅमेरा थांबवून, वस्तू किंचित हलवून, पुन्हा चौकट घ्यायची ही युक्ती नाशिकच्या या माणसाला एवढ्या आधी साधली होती. हा वाटाणा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

आता जपानकडे जाऊ. युद्धात होरपळलेल्या त्या देशात १९५० नंतर तरुण मंडळींनी चित्रपटाची भाषा मोडून पुन्हा घडवायला घेतली, ही गोष्ट जगाच्या इतिहासात नोंदलेली आहे. मला मात्र आश्चर्य वाटले ते त्यांच्या सुरुवातीचे. ही बंडखोर पोरे कुणा धनिकाच्या आश्रयाने किंवा स्वतःच्या कर्जाने उभी राहिली असतील अशी माझी समजूत होती. त्यांतली कितीतरी आधी दुसऱ्याच्या मागणीबरहुकूम फिल्म करणारी होती. कारखान्याची जाहिरात, वीजकंपनीचे काम, सरकारी खात्याची शैक्षणिक फिल्म, असली कामे करता करता त्यांनी आपले प्रयोग उरकून घेतले.

इवानामी हे तोक्योतले पुस्तकांचे मोठे प्रकाशनगृह. त्याच नावाची चित्रसंस्था १९५० साली निघाली. तिथल्या सुसुमु हानी या तरुणाकडे शिक्षणखात्यासाठी शाळकरी मुलांवर फिल्म करण्याचे काम आले. असल्या फिल्ममध्ये एरवी शिकवून तयार केलेली गुणी मुले असतात. ती प्रश्न विचारताच हात वर करतात. हानीने खऱ्या शाळेतल्या खऱ्या वर्गात कॅमेरा नेऊन ठेवला, लपवून नव्हे, चांगला उघड्यावर. मुले प्रथम त्याच्याकडे पाहत राहिली. मग कंटाळली. मग विसरली. आणि विसरल्यावर मुले जशी असतात तशी झाली. कुणी नख कुरतडते, कुणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, कुणाला उत्तर येते पण ते बोलत नाही. ‘वर्गातली मुले’ अशा अर्थाच्या नावाची ही फिल्म १९५४ ची.

मास्तर या नात्याने मी शपथेवर सांगतो, की हे काम वाटते तितके सोपे नाही. आमच्या शाळेत तपासणीला साहेब येतात तेव्हा पोरे पुतळ्यासारखी बसतात, आणि साहेब जाताच एकदम माणसात येतात. साहेबांना पोरे कधी दिसतच नाहीत. साहेबांनी आठवडाभर नुसते कोपऱ्यात बसून राहावे, म्हणजे त्यांना शाळा दिसेल. हानीने केले ते एवढेच.

दुसरे उदाहरण सायकलीचे. जपानी सायकलींचा परदेशात खप वाढावा म्हणून तिथल्या सायकल उद्योगाच्या संघटनेने १९५५ साली एक फिल्म करून घेतली, ‘गिन्रिन’, म्हणजे रुपेरी चाके. काम करणाऱ्यांत तोशिओ मात्सुमोतो नावाचा तेवीस वर्षांचा तरुण होता. संगीत करणाऱ्यांत तोरू ताकेमित्सु होता. त्याचे नाव पुढे जगभर झाले. पडद्यावरच्या करामती गोजिरा राक्षसाच्या चित्रपटातल्या करामती करणाऱ्या त्सुबुरायाच्या होत्या. सायकल किती मजबूत, किंमत किती, मिळेल कुठे, यांतले काही नाही. एक मुलगा सायकलीचे चित्रांचे पुस्तक पाहता पाहता झोपी जातो आणि काळोखात चाके, आरे, साखळ्या यांचे स्वप्न पाहतो. एवढ्यावर सायकली किती विकल्या गेल्या असतील, देव जाणे. ही फिल्म पुढे हरवली आणि २००५ साली तोक्योच्या चित्रसंग्रहालयात सापडली. आज जपानी प्रयोगपटांचा इतिहास सांगणारे लोक सुरुवातीलाच या सायकलीच्या जाहिरातीचे नाव घेतात.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे दहा वर्षांनी हेच झाले.

१९६५ साली इंदिरा गांधी माहिती आणि नभोवाणी खात्याच्या मंत्री असताना जहांगीर भावनगरी हे गृहस्थ सल्लागार म्हणून फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले. मुंबईचे पारशी, राहणे पॅरिसला, नोकरी युनेस्कोत. १९५४ ते ५७ या काळात ते एकदा इथे काम करून गेले होते. आणखी एक गोष्ट म्हणजे ते हातचलाखीचे जादूगार होते, आणि नुसते हौशी नव्हेत, जादूच्या शास्त्रावर लिहिणारे. सरकारी खात्याला सल्ला द्यायला जादूगार बोलवावा, ही गोष्ट आपल्या राज्यकारभाराच्या इतिहासात एकदाच घडली असावी. भावनगरींनी जादू केली ती साधी होती. चांगली माणसे हेरली, काहींना बाहेरून आणले आणि वरची फाईल खाली व खालची फाईल वर जाताना मध्ये उभे राहून त्यांना काम करू दिले. दोनच वर्षे ते राहिले. पण दोन वर्षांत दार उघडे पडले ते पडलेच.

पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन तेव्हा मुंबईत चित्रकार म्हणून नावाला आले होते. त्यांच्या हाती कॅमेरा देण्यात आला. त्यांनी राजस्थानात जाऊन छत्री, कंदील, जोडा, गाय, बुरूज यांची अशी काही मालिका घेतली, की गोष्ट नाही, निवेदन नाही, बोध नाही. ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’. १९६७ साली बर्लिनच्या महोत्सवात या लघुपटाला सोनेरी अस्वल मिळाले.

त्याच वर्षी एस. एन. एस. शास्त्रींनी ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ केला. स्वातंत्र्याला वीस वर्षे झाली. सरकारी खात्याने अशा वेळी ध्वज, संचलन आणि पोलादाचे कारखाने दाखवावेत. शास्त्री १९४७ साली जन्मलेली पोरे शोधत देशभर हिंडले आणि तुम्हांला काय वाटते, असे त्यांना विचारत गेले. आगगाडी धावते आहे आणि एकामागून एक चेहरे बोलताहेत. कुणाला मोठा अधिकारी व्हायचे आहे. कुणाला काहीच व्हायचे नाही. कुणी देशाविषयी भरभरून बोलतो, तर कुणी स्पष्टच सांगतो की त्याला तसे काही वाटत नाही. आणि ही उत्तरे सरकारी शिक्क्यानिशी सक्तीने सर्व देशाला दाखवली गेली! के. एस. चारी आणि टी. ए. अब्राहम यांनी त्याच साली ‘फेस टू फेस’मध्ये सामान्य माणसाला गाठून लोकशाहीविषयी त्याचे मत विचारले. पुढच्या वर्षी शास्त्रींनी ‘अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स’ केला. त्यात तर सरकारी लघुपट करणाऱ्या माणसाची, म्हणजे स्वतःचीच, टर उडवली आहे. सुखदेव यांचा ‘इंडिया ६७’ही याच दिवसांतला, जवळजवळ तासाभराचा आणि निवेदनाशिवाय. सत्यजित राय यांना त्यातले गरिबी-श्रीमंतीचे ठळक विरोध फारसे रुचले नाहीत. त्यांना आवडल्या त्या बारीकसारीक गोष्टी, वाळूतला किडा, सायकलीपाशी पाय वर करणारे कुत्रे. मला रायांचे म्हणणे पटते. सुखदेव ओरडून सांगतात तेव्हा मी जरा मागे सरतो.

या साऱ्यांत मला सगळ्यात जवळचा वाटला तो प्रमोद पती. ओरिसाचा मुलगा, जन्म १९३२ चा. जपानच्या त्या मात्सुमोतोचाही जन्म त्याच वर्षीचा. चेकोस्लोव्हाकियात जाऊन यिरी त्रन्का या बाहुल्यांच्या चित्रपटांच्या आचार्याकडे तो शिकला. बाहुली हलवायची, एक चौकट घ्यायची. पुन्हा रेसभर हलवायची, पुन्हा चौकट घ्यायची. पतीने मुंबईला आल्यावर या युक्तीत बाहुलीच्या जागी माणूस उभा केला.

‘अबिद’ हा त्याचा १९७२ चा पाचेक मिनिटांचा लघुपट. आबिद सुरती हे नाव जुन्या वाचकांना ठाऊक असेल; इंद्रजाल कॉमिक्समधला बहादूर आणि ‘धर्मयुग’मधला ढब्बूजी यांचे ते जनक. पतीने त्यांना एका खोलीत ठेवले. पडद्यावर दिसते ते असे : माणूस पाय न हलवता जमिनीवरून सरकत जातो, वस्तू आपल्या आपण जागा बदलतात, पांढऱ्या भिंतींवर रंग आपोआप चढत जातात. हसू येते आणि थोडी भीतीही वाटते.

हिशेब मांडून पाहा. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चौकटी जातात. पाच मिनिटांच्या ७,२०० होतात. चौकटीमागे एकदा का होईना, माणसाने श्वास रोखून उभे राहायचे. मला हे कागदावर खरे वाटेना, म्हणून गेल्या पावसाळ्यात शाळेच्या मैदानावर सातवीतल्या चार पोरांना घेऊन मी मोबाइलवर प्रयोग केला. एकाला जमिनीवर बसवले; तो वीतभर पुढे सरके, मी चौकट घेई. बारा सेकंदांसाठी २८८ चौकटी. मध्येच सर आली, ढग हलले, एकाला तहान लागली, दुसऱ्याने विचारले, “गुरुजी, यात मी चालतो का नाय?” शेवटी तुकडा जोडून पाहिला, तर पोरगा बसल्या बसल्या मैदानावरून होडीसारखा निघाला होता, आणि त्याच्या मागे ढग वेड्यासारखे पळत होते. पोरांनी तो दिवसभरात किती वेळा पाहिला याची गणती नाही. मला फाळक्यांची कुंडी आठवली.

पतीचे आणखीही आहेत. ‘एक्स्प्लोरर’ १९६८ चा. सात मिनिटांत नाचणारी तरुण पोरे, यंत्रे, देवादिकांच्या आकृती, प्रयोगशाळा, सारे इतक्या वेगाने येते-जाते की पहिल्या खेपेला डोळे दुखतात. ‘ट्रिप’मध्ये मुंबई शहर भिरभिरते. यांतल्या अनेक लघुपटांचे विलक्षण ध्वनी-संगीत बासरीवादक विजय राघव राव यांचे. ‘क्लॅक्सप्लोजन’ तर कुटुंबनियोजनावरचा! लाल त्रिकोणाचे ते दिवस. दोन किंवा तीन पुरेत हे सांगायचे काम खात्याने दिले. पतीने ते माणसांना बाहुल्यांसारखे उडवून सांगितले. सायकलीच्या जाहिरातीत स्वप्न घुसवणारा जपानी आणि लाल त्रिकोणात गंमत घुसवणारा हा ओरिया, यांची कधी भेट झाली असती तर बोलायला भाषेची गरज पडली नसती.

इथपर्यंत दोन्हीकडची वाट एक. पुढे ती फुटते, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. जपानी प्रयोगवाल्यांना प्रेक्षक मिळाला. थोडा मिळाला, पण मुद्दाम आलेला. तोक्योत पुष्परचना शिकवणाऱ्या सोगेत्सु नावाच्या संस्थेच्या सभागृहात १९५८ पासून असल्या कलेला आसरा मिळाला. १९६१ साली ‘आर्ट थिएटर गिल्ड’ निघाले; त्याने आधी परदेशी चित्रपट दाखवले आणि पुढे निम्मा खर्च स्वतः घालून नव्या दिग्दर्शकांचे चित्रपट केले. मात्सुमोतोचा १९६९ चा पहिला मोठा चित्रपट तिथलाच. तिथे तिकीट काढून, आपल्या आवडीने, आज काहीतरी अवघड पाहायचे आहे असे ठरवून माणसे जात. भांडत, शिव्या देत, पुन्हा येत.

आपल्या प्रयोगवाल्यांना प्रेक्षक मिळाला तो सारा देश. लक्षावधी माणसे! पण त्यांतल्या एकानेही ती फिल्म पाहायला तिकीट काढलेले नव्हते. कुणी ती नाकारली नाही, कुणी उचलून धरली नाही, कुणी वर्तमानपत्रात त्यावर वाद घातला असेल तर तो आमच्या तंबूपर्यंत पोहोचला नाही. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले आणि तिथे चांगले चित्रपट पाहणारा मराठी प्रेक्षक तयार होऊ लागला. पुण्याच्या संस्थेतून शिकून निघालेल्या पोरांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून १९७६ साली तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वर चित्रपटही केला. मणी कौल, हरिहरन ही मंडळी त्यात होती, ओम पुरींचा तो पहिला चित्रपट. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. पण ‘न्यूज’ची गोष्ट या सगळ्यापासून बाजूला राहिली. सक्तीने दाखवलेली कविता ही कविता असू शकते, असे कुणाच्या मनातच येत नाही.

आणि दुसऱ्याच्या मागणीबरहुकूम काम करण्याची एक किंमत असते, ती आणीबाणीत द्यावी लागली. १९७५ च्या जूनमध्ये देशाचे तोंड बांधले गेले. फिल्म्स डिव्हिजन सरकारचे. आता तिथे पोरांना काय वाटते ते विचारायचे नव्हते, सरकारला काय वाटते ते सांगायचे होते. ‘इंडिया ६७’ करणाऱ्या सुखदेवांनी १९७६ साली आणीबाणीची तरफदारी करणारा ‘थंडर ऑफ फ्रीडम’ केला. त्यांना ते मनापासून पटले होते की नाही, यावर जाणते लोक आजही वाद घालतात. मी त्यांचा न्याय करायला बसलो नाही. मला एवढेच दिसते, की ज्या दाराने जादूगार आत आला होता, त्याच दाराने हुकूमही आत आला. दार सरकारचे होते. आई सांगत असे, त्या वर्षी गावात जीप आली की बाप्ये उसाच्या फडात जाऊन बसत, नसबंदीची धास्ती. आठ वर्षांपूर्वी लाल त्रिकोण पडद्यावर माणसांना उड्या मारायला लावत होता, हे तिला मी सांगितले असते तर तिने माझ्याकडे कसे पाहिले असते, याची मला कल्पना आहे.

पती १९७५ सालीच गेला, पुरता त्रेचाळीस-चव्वेचाळीसचाही नव्हता. शास्त्री १९७८ साली गेले, सुखदेव १९७९ साली. चार वर्षांत तिघे. भावनगरी पॅरिसला परतले होते, ते २००४ पर्यंत होते. मागे राहिली ती नेहमीची धरणे आणि फिती. १९९० नंतर चित्रपटगृहांतून ‘न्यूज’ हळूहळू दिसेनाशी झाली, तंबूही गेले. पेडर रोडच्या आवारातल्या गुलशन महाल या जुन्या वाड्यात २०१९ साली चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले, आणि २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. जुन्या फिल्म मात्र इंटरनेटवर आल्या. मी त्या पाहिल्या त्या तिथेच, शाळेच्या ओट्यावर बसून, कारण माझ्या घरात मोबाइलला रेंज येत नाही.

असाच एका संध्याकाळी ‘अबिद’ पाहत होतो, तेव्हा आमचे तात्या आले. तात्यांचे वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी ते फिरत्या सिनेमात ऑपरेटर होते. मशीनचे कार्बन बदलणे, तुटलेली फीत चिकटवणे, जनरेटर चालू ठेवणे, सारे त्यांच्याकडे. ओट्यावर बसून त्यांनी माझ्या खांद्यावरून फोनमध्ये पाहिले. माणूस सरकत चालला होता. तात्या काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, “हे मी लावलंय.”

मी म्हटले, “तात्या, न्यूज सगळ्या सारख्याच. दुसरी कुठली असेल.”

“सारख्या तुम्हांला. तुम्ही झोपायचा.” मग त्यांनी सांगितले. डबा आला की रीळ नीट आहे की नाही हे पाहायला ते दुपारी, तंबू रिकामा असताना, एकदा चालवून बघत. ही चालवली तेव्हा त्यांना वाटले मशीन बिघडले, फीत उड्या मारते आहे. मशीन थांबवले, दाते पुसले, पुन्हा चालवली. पुन्हा तेच. मग भोंगा लावणारा पोरगा आला, पाणी भरणारी बाई आली, पाळणेवाल्याची दोन पोरे आली. सगळ्यांना ती दाखवावी लागली. रात्रीच्या खेळाला नेहमीप्रमाणे लोक बिडी ओढायला बाहेर गेले. पण त्या जत्रेच्या तीन दिवसांत रोज दुपारी त्या चार-पाच जणांसाठी तात्यांनी ते रीळ लावले. जनरेटरचे तेल जाते म्हणून मालक ओरडला, तेव्हा मशीन तपासतोय म्हणून सांगितले.

“नाव काय होतं हो त्या पिक्चरचं?” तात्यांनी विचारले.

मी सांगितले. त्यांनी ते दोनदा तोंडात घोळवले. फोन अजून त्यांच्याच हातात होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “लाव परत.”